आधाराचा सूर

केजसारख्या तालुक्याच्या गावी, ऊसतोडीला गेलेली माणसे परतल्यावर जी लग्नसराई उसळते तिच्यात सॅक्सोफोन वाजवून ज्याची उपजीविका चालली, अशा माझ्यासारख्या बँडवाल्याच्या मनात ढोल व साइड ड्रम यांच्यावाचून वाद्यमेळ उभा राहू शकेल ही कल्पना येणेच दुरापास्त होते; म्हणूनच ‘वर्ल्ड सॅक्सोफोन क्वार्टेट’ या अमेरिकन चौकडीची, १९८० साली मिलान शहरी मुद्रित झालेली ‘रेव्यू’ ही ध्वनिमुद्रिका प्रथम ऐकली, तेव्हा माझे लक्ष स्वरांपेक्षाही ठेक्याच्या त्या रिकाम्या जागेकडे वेधले गेले. ज्युलियस हेम्फिल, ऑलिव्हर लेक, डेव्हिड मरे आणि हॅमिएट ब्लुइट, एवढे चौघेच. साथीला ढोल नाही, पियानो नाही.

मग तालाची जामिनकी घ्यावी कोणी? पुष्कळ वेळा ती घेतो ब्लुइटचा बॅरिटोन. मंद्रातला एक तोकडा स्वरखंड तो पुनःपुन्हा, परंतु निरनिराळ्या दाबाने फेकीत राहतो, आणि त्याच्या भरवशावर वरचे तिघे एकमेकांना छेदीत इतके दूर जातात, की एखादा रीडवर ओठ आवळून मूळ स्वराच्या जागी केवळ त्याच्या उपस्वरांची किंकाळीच उमटवतो. ऐकणाऱ्याला खालचे काम सोपे वाटते. ज्याने बॅरिटोन गळ्यात अडकवला आहे तो तसे म्हणणार नाही: त्या लांब नळीला वारा भरपूर लागतो, श्वास लवकर सरतो, आणि तो घेण्याची जागाही लयीतच शोधावी लागते, कारण तिथे चुकलेला श्वास झाकायला ढोल नसतो.

आपल्या सनईच्या जोडीत दुसरा सनईवाला केवळ सूर धरतो. गालांत साठवलेला वारा सोडता सोडताच तो नाकाने श्वास आत ओढतो. गाल फुगतात, बसतात, पण सूर तुटत नाही. वाहवा मात्र रागाची बढत करणाऱ्याची होते, आणि बिदागीच्या वाटणीत सूरवाल्याच्या पदरी पुष्कळदा धाकटा हिस्सा पडतो. ही वाटणी मला अन्यायाची वाटते. ‘रेव्यू’मध्ये आधार अचल नाही; ब्लुइट मनात येताच तार सप्तकात झेप घेतो, नि तळाचा कारभार दुसरा कोणीतरी तत्काळ पत्करतो. हा ताबा देण्याघेण्याचा विश्वास हेच मला त्या प्रयोगशील संगीताचे खरे धाडस वाटते. कर्कशपणा हा त्याचा वरवरचा भाग होय.

अडॉल्फ साक्स याने १८४६ साली पॅरिसला या वाद्याची सनद घेतली तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे पलटणींचे बँड होते. आमची वरातही एका अर्थी पलटणच, तिच्यात पावलांना ढोल हवाच, आणि तो काढावा असे मी कदापि म्हणणार नाही. परंतु तालमीत तो भिंतीशी ठेवावा. नवशिक्याला खालचा सूर देऊन जाणत्याने वरची चाल घ्यायची ही जी आमच्या धंद्यातली वहिवाट आहे, तीही मोडावी: मंद्राचा सूर पथकातल्या सर्वांत जाणत्या वादकाकडे द्यावा, नवशिक्यांना वर बागडू द्यावे, आणि बिदागी वाटताना मंद्र सांभाळणाऱ्याचे नाव आधी घ्यावे.