ळ कुठे बसवायचा?

काळे आधी की कासार? मराठी शाळेत मुळाक्षरं गिरवलेला कुणीही सांगेल, की वर्णमाला ह, ळ, क्ष, ज्ञ अशी संपते. म्हणून कासार आधी, काळे नंतर. संगणकाला मात्र युनिकोडचे क्रमांक तेवढे दिसतात. तिथे ळ हा ल-च्या लगेच नंतर बसलाय. त्यामुळे काळे वर सरकतात आणि क्षीरसागर यादीच्या शेवटी जायच्या ऐवजी केळकर आणि खरे यांच्या मध्ये अडकतात.

एल्म या प्रोग्रामिंग भाषेत ही यादी बरोबर लावणं हा माझा जुना ध्यास. ब्राउझरला ते येतं. त्याच्या कोलेटरला, म्हणजे क्रम ठरवणाऱ्या साधनाला, मराठी सांगितलं की ळ आपल्या जागी जातो. पण ही सोय जावास्क्रिप्टच्या बाजूला, आणि क्रम लावणारं सॉर्टविथ चालू असताना एल्ममधून तिकडे हाक मारता येत नाही. पोर्टनं, म्हणजे जावास्क्रिप्टशी निरोपानं बोलण्याच्या वाटेनं, यादी बाहेर धाडावी, तर ती निरोप होऊन परत येईपर्यंत शोधपेटीत आणखी दोन अक्षरं पडलेली असतात. आलेला क्रम शिळा. कस्टम एलिमेंट दाखवण्यापुरतं चालतं, लाख-कोटींचे स्वल्पविराम मी त्यानंच टाकतो. क्रम लावायला त्याचा उपयोग नाही.

एल्मच्या ०.१८ आवृत्तीपर्यंत जावास्क्रिप्ट थेट आत घेणाऱ्या नेटिव्ह मॉड्यूलची आडवाट होती. ऑगस्ट २०१८मध्ये ०.१९ आलं आणि ती अधिकृत पॅकेजं सोडून सगळ्यांना बंद झाली. कितीतरी चांगली माणसं तेव्हा चिडून निघून गेली. मी राहिलो. ती वाट बंद केली हे योग्यच झालं, असं मी आजही म्हणतो. कारण कोलेटरचं उत्तर ज्या त्या यंत्रातल्या डेटावर ठरतं. नोड १३च्या आधी नोडच्या नेहमीच्या बांधणीत फक्त इंग्रजीचा डेटा असायचा. म्हणजे नोडवरच्या चाचणीत एक क्रम, ब्राउझरमध्ये दुसरा. तेच दिलं तर तेच परत मिळेल, या एल्मच्या वचनावर विसंबून मी जुना कोड निर्धास्तपणे उलटापालटा करतो. टाइपमध्ये नवा पर्याय घालायचा, कंपायलर दाखवील तिथे जाऊन यायचं, शेवटची तक्रार मिटली की स्क्रीन चालतो. टाइपस्क्रिप्टवालेही असंच सांगतात, पण कुठल्या तरी लायब्ररीतून एखादा काहीही चालवून घेणारा ‘एनी’ टाइप आत शिरतो आणि मग सगळी हमी संपते. रिडक्सनं एल्मची रचना उचलली, त्रुटी माणसाला कळेल अशा भाषेत सांगाव्यात हे रस्टनं एल्मकडे पाहून घेतलं. सगळे शिकून गेले, राहिलं कुणीच नाही, याचा मला राग येतो.

मग मी शुद्ध एल्ममध्ये स्वतःचं पॅकेज लिहिलं. नाव अक्षरांत फोडायचं, क् आणि ष जोडीनं आले की एक धरायचे, प्रत्येकाला मराठी क्रमांक द्यायचा. वऱ्हाडकरांच्या ऱ-नं फार छळलं: कधी तो एकाच संकेतांकानं येतो, कधी र आणि खाली नुक्ता असे दोन मिळून. एल्म जाणणारे थोडे, त्यांत ळ नीट बसवणारा मी, ही ऐट मी मनात जपली आहे. नव्या माणसाला प्रकल्प दाखवताना गिऱ्हाइकाच्या कामाआधी मी हीच फाइल उघडतो.

यंदा आमच्या गटानं नवे स्क्रीन रिॲक्टमध्ये करायचं ठरवलं. माझ्याकडे एल्म शिकलेल्या मुलीनं पहिल्याच स्क्रीनवर जावास्क्रिप्टच्या लोकेलकम्पेअरची एक ओळ लिहिली. ‘सर, बघा ना, काळे खाली गेले!’ खरंच गेले होते. मी ‘छान’ म्हणालो आणि दिवसभर कुणाशी धड बोललो नाही. नोकरीच्या जाहिरातींत एल्म दिसत नाही, तिला पुढे जायचंय, हे मला कळतं. तरी लागलं.

एव्हान चॅप्लिकी यांनी २०१२मध्ये हार्वर्डच्या प्रबंधातून ही भाषा मांडली. ऑक्टोबर २०१९मध्ये ०.१९.१ आलं आणि मग वर्षानुवर्षं शांतता. भाषा मेली म्हणणाऱ्यांशी मी वाद घालतो. तेव्हाचा कोड आजही तसाच उभा आहे. दर वर्षी सगळं पुन्हा लिहायला लावणाऱ्या साधनांना मी जिवंत का म्हणावं? ग्रेन ही भाषा एल्ममधून फुटून आपल्या वाटेनं गेली. लामडेरानं एल्मच सर्व्हरपर्यंत नेली, त्या वाटेत मला जास्त जीव दिसतो. धास्ती आहे ती वेगळीच. पॅकेजांची नोंद एल्मच्या सर्व्हरवर असली, तरी मूळ कोड गिटहबवरून येतो. एखाद्यानं कंटाळून आपलं खातं पुसलं, तर नव्या यंत्रावर आमची बांधणी अडेल. म्हणून लागणाऱ्या सगळ्या पॅकेजांची प्रत मी आमच्याकडे ठेवतोय. नव्या सोयींपेक्षा ही राखण करणारी चार माणसं या भाषेला हवी आहेत, आणि त्यांत मी असणार आहे.

जुन्या स्क्रीनच्या यादीत आता हिंदी नावं येऊ लागलीत. हिंदी कोशात क्ष हा क-मध्येच राहतो. म्हणजे वाचणारा कोण, त्यावर क्षीरसागरांची जागा ठरणार, आणि फंक्शनला भाषा हा आणखी एक पॅरामीटर लागणार. त्यानं जुन्या वापरकर्त्यांचा कोड मोडतो, म्हणून पॅकेजची पुढची आवृत्ती १.०.१ असलेली एल्म चालवून घेणार नाही, सरळ २.०.० मागणार. द्यायचं ठरवलंय. फक्त मराठी आणि हिंदी वाचणारे एकाच यादीसमोर बसले तर काय करायचं, ते अजून सुटलेलं नाही.