सरसाचा जोड

26 जुलै 2005 ला उल्हास नदीचं पाणी बदलापुरात शिरलं, तेव्हा काकांची गिटार तळमजल्यावरच होती. कोलकात्याची, जुन्या बनावटीची. पाणी ओसरल्यावर ती पुसून माळ्यावर गेली. माझ्या हाती आली तेव्हा पाठीचा जोड उकलला होता, ब्रिजची मागची कड उचलली होती आणि तिथल्या फळीला पोट सुटलं होतं.

उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातले एक मिस्त्री म्हणाले, "पांढरा गोंद भरून आवळतो, संध्याकाळी घेऊन जा." मी नको म्हटलं. सहा पोलादी तारा सुरात लावल्या की ब्रिजवर साधारण 70 किलोंचा ताण येतो, तोही रात्रंदिवस. त्या ताणाखाली पांढरा गोंद हळूहळू सरकतो. सरस मात्र काचेसारखा कडक वाळतो आणि ऊब व ओल दिली की सुटतोही. पुढे कुणाला उघडावी लागली तर लाकूड फाटत नाही. व्हायोलिन बनवणारे शतकानुशतकं तोच वापरत आलेत. सरसाचं नाव निघताच मिस्त्री खुलले. त्यांचे वडील सरसच शिजवायचे म्हणे!

पावसाळाभर हात लावला नाही. फुगलेलं लाकूड सांधलं तर थंडीत आक्रसून जोड पुन्हा फाकतो. दिवाळीनंतर भोकातून आरसा आणि टॉर्च घालून पाहिलं, तर आतली एक आधारपट्टी अर्धी सुटलेली. वरून बोटाने टकटक केली की नेमकी तिथेच झर्र वाजायची. ब्रिज तापवून, पातळ सुरी लाकडाच्या रेषेने इंचाइंचाने सरकवत सोडवला. इथे घाई केली की फळीची सालं निघतात.

सरसाचे दाणे गार पाण्यात भिजवले आणि पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून साठेक अंशांवर वितळवले. उकळला तर त्याची ताकद जाते, थंड लाकडावर लावला तर लगेच थिजतो. म्हणून अंबरनाथचा भाचा हेअर ड्रायरने जागा ऊन ठेवत होता आणि मी क्लॅम्प आवळत होतो.

नव्या तारा बारीक घेतल्या, सुरुवातीला उतरवून लावल्या आणि हळूहळू चढवल्या. पोट पूर्ण बसलेलं नाही, पण जोड धरून आहेत आणि खर्जाची तार छान घुमते. पाठीवरचा पुराचा डाग पॉलिशने घालवायला काकांनी सांगितलंय. तो मी घालवणार नाही.