पातं कुणी नेईना

माझ्या मामाचं गाव सातारा जिल्ह्यात, चाळकेवाडीच्या पठाराजवळ. मी शाळेत असताना तिथे पवनचक्क्या उभ्या राहू लागल्या. लांबलचक पाती घेऊन घाट चढणारे ट्रक बघायला आम्ही मुलं वळणावर जाऊन उभी राहायचो.

गेल्या मे महिन्यात लेकाला घेऊन नोएडाहून गावी गेले, तर तसंच एक पातं मामाच्या बांधालगत आडवं पडलेलं. पवनचक्की उतरवून वर्ष झालं होतं. लेक त्यावर चढायला धावला, तसा मामा ओरडला, "हात लावू नगंस रं! कुसळं घुसत्यात." तुटलेल्या कडेतून काचेचे बारीक तंतू बाहेर आले होते.

"भंगारवाला आला हुता," मामा म्हणाला. "लोखंड नेलं, तांबं नेलं. ह्याला फुकटबी कुणी हात लावीना. जाळावं तर घाण धूर, पुरावं तर कुजत न्हाई."

पात्यात काचेचे तंतू आणि राळ एकजीव झालेले असतात. म्हणून तर ते वीस-पंचवीस वर्षं वादळवारा सोसतं आणि म्हणूनच सुटं करता येत नाही. तुकडे करून सिमेंटच्या भट्टीत वापरता येतात, पण कापण्याचा आणि वाहून नेण्याचा खर्च मोठा. अमेरिकेत वायोमिंगमधल्या कॅस्पर शहराजवळ तर शेकडो पाती सरळ जमिनीत पुरली.

मला आमच्या नोएडातले ट्विन टॉवर आठवले. २८ ऑगस्ट २०२२ ला ते पाडले, पण सुमारे ८० हजार टन राडारोड्याचं काय करायचं, याची चर्चा आधीपासूनच चालू होती. मामाच्या बांधावरच्या एका पात्याबद्दल मात्र कुणी विचारलं नव्हतं.

दिल्लीच्या धुरात राहणाऱ्या मला वाऱ्याची वीज हवीच आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या पवनचक्क्यांच्या जागी नव्या उभारण्याचं सुधारित धोरण आणलं. म्हणजे अशी पाती आणखी उतरणार.

परवा मामाचा फोन आला. नव्या पवनचक्कीसाठी जागेचा कागद आलाय. त्याने तो वाचून दाखवला. भाडं किती, रस्ता कुठून, सगळं होतं. उतरवल्यावर पाती कोण आणि किती दिवसांत नेणार, हे कुठेच नव्हतं.

"मामा, तेवढं लिहून घेतल्याशिवाय सही करू नका."

"ते तर घेतोच," मामा म्हणाला. "पन पैलं जुनं उचला म्हनतो, मग नव्याचं बोलू."