गुरुवारचा रविवार

आमच्या चिंचवडला आठवड्यात दोन रविवार असतात. एक पंचांगातला आणि दुसरा गुरुवारी येणारा. नव्या पाहुण्यांना हे चटकन उमगत नाही. भोसरी-पिंपरीकडच्या कितीतरी कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. डोंबिवलीला शुक्रवार, नाशिकच्या सातपूरला शनिवार. माझ्या सासूबाईंचा बरीच वर्षे असा समज होता की, ही सुट्टी दत्तमहाराजांच्या नावाने दिलेली आहे. चिरंजीवांना असा भाविक मालक लाभला म्हणून त्या समाधानी होत्या. खरे कारण देवाचे नव्हे, विजेचे.

वीज ही मोठी नाशवंत वस्तू. दूध निदान संध्याकाळपर्यंत टिकते. वीज मात्र तयार झाली की त्याच क्षणी वापरावी लागते. ती साठविणे महागाचे काम. सगळ्या राज्याचे कारखाने रविवारीच बंद राहिले, तर त्या दिवशी वीज पडून राहावयाची आणि उरलेले सहा दिवस सर्वांची पाने एकदम मांडलेली. म्हणून सरकारने सुट्ट्याच वाटून टाकल्या. कार्यात पंगती पाडतो ना आपण, तसे. कल्पना शहाणपणाची होती यात वाद नाही. पण त्या वाटणीत आमच्या घराच्या वाट्याला काय आले, ते कोणत्याच खातेवहीत लिहिलेले नाही.

मुलांची शाळा रविवारी बंद, यांचा कारखाना गुरुवारी. गुरुवारी हे घरी, तेव्हा मुले दप्तरे घेऊन बाहेर. रविवारी मुले अंथरुणात लोळत असावयाची आणि हे डबा सायकलला अडकवून भोसरीच्या वाटेला लागलेले. लग्ने-मुंजी रविवारी, मी दोन मुलांना घेऊन हजर, आणि "जावईबापू कुठे?" या प्रश्नाला वीसेक वर्षे तेच उत्तर. बाईंनी वर्गात विचारले, "सुट्टीच्या दिवशी तुझे बाबा काय करतात?" थोरली म्हणाली, "डबा नेतात." त्यातून गंमत अशी की, देखभालीसाठी आमच्याकडची वीज बंद ठेवावयाची तीही बहुधा गुरुवारीच. ज्या विजेपायी ही सुट्टी, ती सुट्टीच्या दुपारी पंखासुद्धा फिरवीत नसे. हे उघड्या अंगाने जिन्यात बसून वारा घेत.

पुढे भारनियमनाचे दिवस आले. २००६ साली पुणे परिसरात एक तोड निघाली. कारखान्यांनी स्वतःची जनित्रे चालवून सार्वजनिक विजेवरचा भार हलका करावयाचा, आणि त्याच्या जादा खर्चाचा भार ग्राहकांनी बिलातून उचलावयाचा. दिवे राहिले. फक्त ते डिझेलवर राहिले, हे बिल पाहून कळे.

हे सारे आठवले ते सोसायटीच्या परवाच्या सभेमुळे. विषय होता गच्चीवर सौर तावदाने बसविण्याचा. २०२४ च्या फेब्रुवारीत निघालेल्या सूर्यघर योजनेत सोसायट्यांना लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपयांची मदत मिळते. सेक्रेटरींनी तयारी करून आणली होती. चंद्रपूर-कोराडीला जळणारा कोळसा म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांनी साठविलेले ऊनच. ते एकदा संपले की संपले, आणि हे आजचे ऊन रोज नवे, असे त्यांनी छान समजावले. तळमजल्यावरच्या काकू उठल्या. "ऊन नवे खरे, पण आमच्या कुरडयांनी कुठे वाळावे?" सभा हसली. मी हसले नाही. या गच्चीवर सौर शक्तीचा वापर आम्ही बायकाच इतकी वर्षे करीत आलो आहोत, तोही विनाअनुदान.

मग एकाने खोच काढली की, ऊन दुपारचे आणि दिवे संध्याकाळी. तेव्हा काय करणार? प्रश्न रास्त आहे. त्या घटकेला कोयना कामी येते, कारण धरणातले पाणी हवे तेव्हा सोडता येते. पण तिथेही मोजमाप आहेच. कृष्णेच्या पाणीवाटप लवादाने कोयनेतून पश्चिमेकडे वीजघरांसाठी वळविण्याच्या पाण्याला वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली आहे. पाऊस दरवर्षी नवा, तरी पाणी मोजूनच.

एवढ्यात हे उभे राहिले. सभेत कधी न बोलणारे माणूस! म्हणाले, "पूर्वी वीज कमी म्हणून वार वाटले. आता दुपारी उन्हाची वीज भरपूर होणार, तर तास वाटा. यंत्रे दिवसा चालवा. रात्रपाळ्या थोड्या कमी होतील." आमचा धाकटा चाकणला तीन पाळ्यांत कामाला आहे. त्याची चार वर्षांची मुलगी सकाळी उठते, तेव्हा तो दार लावून झोपलेला असतो आणि ती घरात चवड्यांवर चालते. यांनी ते सभेत सांगितले नाही. चाकणचे कारखाने आमच्या गच्चीवर चालणार नाहीत, हे त्यांनाही ठाऊक आहे. तरी मी हात वर केला.

ठराव मंजूर झाला. पाण्याच्या टाकीजवळचा दक्षिणेचा कोपरा कुरडयांसाठी मोकळा ठेवावा, अशी उपसूचना काकूंनी लिहून घेतली आणि सेक्रेटरींकडून तिच्यावर सही घेऊनच त्या खाली उतरल्या. ह्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. पण गुरुवारी अजून ते दहापर्यंत दाढी करीत नाहीत.