वत्सगुल्माहून तांड्यापर्यंत

वाशीम हें गांव उतारूस प्रथमदर्शनीं फारसें कांहीं सांगत नाहीं. अकोला-पूर्णा मार्गावरील गाडींतून उतरावें, रिक्षांच्या घोळक्यांतून वाट काढावी, आणि सोयाबीनचीं पोतीं बाजाराकडे चाललेलीं असतील तर त्यांच्यामागून गांवांत शिरावें. अशीं जिल्ह्याचीं ठिकाणें वऱ्हाडांत आणखीही आहेत. वाशिमास जिल्ह्याचा मान मिळाला तो १ जुलै १९९८ रोजीं. तोंवर तें अकोला जिल्ह्यांत होतें. परंतु बालाजीचें दर्शन घेऊन पद्मतीर्थाच्या कांठीं घटकाभर बसलें म्हणजे संस्कृत पढलेल्या माणसास येथली हवा निराळी लागूं लागते. हेंच तें वत्सगुल्म. राजशेखरानें काव्यमीमांसेंत काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचा विवाह लावून दिला तो विदर्भांतील याच नगरांत. वाकाटकांची एक शाखा येथून राज्य करीत होती, यास बळकट पुरावा मिळाला तो १९३९ सालीं दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट वाशिमास उजेडांत आला तेव्हां. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं या शाखेच्या वंशावळीचा जो उलगडा केला, तो वाचतांना आमच्यासारख्या शाळामास्तरास आजही उल्हास वाटतो. त्या पत्र्यांवर ग्रामदानाची नोंद आहे. मात्र त्या गांवांत घरें किती होतीं, नांगर कोण धरीत होतें, पाऊस न पडल्यास तीं माणसें कोठें जात, याविषयीं ताम्रपट मुका आहे.

या खेपेचें आमचें वाशिमास जाणें मात्र ताम्रपटासाठीं नव्हतें. आमच्या धाकट्या बंधूंची नात तेथील एका महाविद्यालयांत कलाशाखेच्या दुसऱ्या वर्षास आहे. तिच्या समाजशास्त्राच्या वर्गास संशोधनपद्धति हा विषय असून, पांच-पांच जणांच्या गटांनीं एकेका वस्तीची पाहणी करून अहवाल द्यावयाचा होता. तिनें कळविलें, "आजोबा, तुम्ही बरोबर आलांत तर घरचे मला तांड्यावर जाऊं देतील." घरांतील वडील मंडळींचा आक्षेप आमच्या वाचकांस सांगावयास नकोच. तरुण मुलीनें परगांवीं दारोदार फिरून लोकांस त्यांची मिळकत विचारावी, ही कसली विद्या? आणि संशोधन म्हणजे पोथ्या, शिलालेख, जाडे ग्रंथ. तें पदवी मिळाल्यावर पंडितांनीं करावयाचें काम!

हा आक्षेप खरा धरला तर कित्येक चांगलीं पुस्तकें निघालींच नसतीं. मद्रास विश्वविद्यालयांत गिल्बर्ट स्लेटर हे अर्थशास्त्राचे अध्यापक होते. त्यांनीं १९१६ च्या सुमारास आपल्या विद्यार्थ्यांस सुटींत आपापल्या गांवीं जाऊन तेथील शेती, कर्ज व मजुरी यांची माहिती टिपावयास सांगितलें, आणि त्यांतून १९१८ सालीं ग्रंथ झाला. पुढें १९३६-३७ मध्यें तींच गांवें दुसऱ्यांनीं पुन्हां पाहिलीं, तेव्हां मुलांच्या त्या जुन्या टिपणांमुळेंच वीस वर्षांतला फरक हातीं आला. गुजरात विद्यापीठांतील विद्यार्थ्यांस बरोबर घेऊन जे. सी. कुमारप्पा यांनीं मातर तालुक्याची जी पाहणी केली, तिचा अहवाल १९३१ सालीं प्रसिद्ध झाला. आणि पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरोल्ड मॅन यांनीं पुण्याजवळचें पिंपळे सौदागर हें खेडें पारखून १९१७ सालीं दाखवून दिलें कीं, १७७१ मध्यें तेथें सरासरी ४० एकरांची असलेली धारणा १९१५ पर्यंत ७ एकरांवर आली होती. वाटण्यांनीं जमिनीचें काय होतें हें आपण सर्वच जाणतों; पण नुसतें जाणणें निराळें आणि गांवच्या दप्तरांतून व बांधांवरून आंकडा काढणें निराळें. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर चार वर्षांच्या पदवींत संशोधनास जागा झाली आहे. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण पडले तर चौथें वर्ष संशोधनाचें घेतां येतें, आणि आमच्या नातीचा डोळा त्यावर आहे. त्यामुळें या अहवालाचे गुण तिच्या दृष्टीनें क्षुल्लक नव्हते.

निघण्याच्या आदल्या रात्रीं तिनें आपला छापील तक्ता आम्हांस दाखविला. विचारणारानें स्वतः भरावयाची ती अनुसूची, आणि सांगणारानें स्वतः भरावयाची ती प्रश्नावली, हा भेदही तिनें समजावून दिला. पहिलाच प्रश्न, कुटुंबांत माणसें किती. खालीं सूचना : एका चुलीवर जेवणारीं तीं एका कुटुंबांतलीं. जनगणनेंतही धोरण हेंच असतें. आम्हीं म्हटलें, मग अगोदर आपल्या वाड्याचा तक्ता भर. तिच्या थोरल्या काकूंचे गुडघे दुखूं लागल्यापासून माडीवर दुसरी शेगडी आली आहे. महालक्ष्म्यांचा नैवेद्य मात्र खालींच होतो, शेताचा सातबारा एक, देव एक, आणि पुण्यास नोकरीवर असलेला चुलतभाऊ दरमहा पैसे पाठवितो तो आजीच्या हातीं. मग कुटुंब एक कीं दोन? इरावतीबाई कर्वे यांनीं १९५३ सालीं एकत्र कुटुंबाची व्याख्या करतांना एक छप्पर, एक चूल, सामाईक मालमत्ता व सामाईक देवधर्म हीं सारीं एके ठिकाणीं घातलीं. उलट आय. पी. देसाई यांनीं सौराष्ट्रांतील महुवा येथील घरें पाहून १९६४ सालीं असें मांडलें कीं, छप्पर आणि चूल वेगळी झाली तरी परस्परांचीं कर्तव्यें आणि पैशाचे व्यवहार चालू असतील तर एकत्रपणा संपला असें समजूं नये. आमचें मत देसायांकडे झुकतें. पण तक्त्यांत चौकोन एकच होता, आणि त्यांत एकच आंकडा मावणार होता.

दुसऱ्या दिवशीं एस. टी. नें मंगरूळपीर व तेथून मानोरा असा प्रवास केला. जानेवारीचा महिना, शेतांत तुरीची काढणी चाललेली, माळावर गार वारा. या तालुक्यांत बंजारा समाजाचे तांडे पुष्कळ. त्यांचें मोठें तीर्थ पोहरादेवी येथेंच आहे. ज्या तांड्यावर गेलों त्याचें नांव आम्ही देत नाहीं. माहिती देणाराची ओळख उघड करूं नये असा नियम मुलांना वर्गांत शिकविला होता, आणि त्यांच्याबरोबर गेल्यावर तो आम्हांसही लागू झाला.

पहिलें घर चिठ्ठी टाकून काढावयाचें आणि पुढें दर तिसरें घर घ्यावयाचें, असें ठरलें होतें. पहिल्या घरीं चहा झाला. दुसऱ्या निवडलेल्या घरास कुलूप. त्यापुढच्यासही कुलूप. त्यानंतरच्या दाराशीं एक कुत्रें निजलेलें, आणि कडीस तारेचा पीळ. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस गेलेलीं माणसें अद्याप कारखान्यांच्या भागांत होतीं. गटांतील एक मुलगा म्हणाला, "सरांनीं सांगितलें आहे, घर बंद असेल तर शेजारचें घ्या." इतरांनींही माना डोलावल्या. चारची एस. टी. गांठावयाची होती.

येथें आम्हांस आमची जुनी विद्या आठवली. शितावरून भाताची परीक्षा, यासच संस्कृतांत स्थालीपुलाकन्याय म्हणतात, आणि नमुना निवडण्याच्या साऱ्या शास्त्राचें बीज त्यांत आहे. परंतु शीत भाताची साक्ष देतें तें केव्हां? सारे तांदूळ एकाच पाण्यांत, एकाच आंचेवर शिजले असतील तेव्हां. गांव तसें शिजत नाहीं. म्हणूनच सातारा जिल्ह्यांतील बुध येथें १९११ सालीं जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनीं पिकाचा अंदाज करण्यासाठीं रस्त्यालगतचें सोईचें शेत न घेतां, यदृच्छेनें निवडलेल्या शेतांतला यदृच्छेनें निवडलेला तुकडा कापण्याचा आग्रह धरला. सोय शिरली कीं नमुना बिघडतो. तांड्यावर सोईचें घर तें उघडें घर. उघडें कोणाचें? ज्याला विहिरीचें पाणी आहे, किंवा घरांत पगार येतो, त्याचें. आमची नात हें आमच्याआधींच बोलली. "आजोबा, शेजारचीं घरें घेत गेलों तर तांडा आहे त्याहून श्रीमंत दिसेल." यावर वाद झाला, आणि बराच मोठ्यानें झाला.

तांड्याच्या नाईकांनीं मध्यस्थी केली. बंद घरांची माहिती आपण सांगतों, लिहून घ्या, म्हणाले. गृहस्थ सज्जन, परंतु त्यांच्या सांगण्यांत प्रत्येक कुलपामागें दोन-चार एकर जमीन निघूं लागली. तांड्याचा कमीपणा परक्यांपुढें कोण सांगेल? न्यायशास्त्रांत शब्दप्रमाण मानलें आहे, पण तो शब्द आप्ताचा हवा. ज्यानें स्वतः पाहिलें आहे आणि ज्यास निराळें सांगण्याचें कारण नाहीं असा तो आप्त. (मराठींत आपण नातेवाइकांस आप्त म्हणतों. ज्यांच्या घरीं वाटण्या झाल्या आहेत त्यांनीं या दोन अर्थांचा मेळ घालून पाहावा.) मुलीनें नाईकांचें सांगणें लिहून घेतलें, मात्र निराळ्या पानावर, आणि 'नाईकांच्या सांगण्यावरून' असें वर घालून.

निवडींतलें एक घर उघडें होतें. आंत एक वृद्धा आणि तिचीं दोन नातवंडें. मुलगा आणि सून ऊसतोडीवर. बाई गोरमाटी बोलत. सहावींतली नात मराठींत सांगे. तक्त्यांत पुरुषाचें उत्पन्न व स्त्रीचें उत्पन्न असे दोन वेगळे चौकोन होते. वृद्धेनें सांगितलें, एका कोयत्याची उचल मुकादमाकडून घेतली, ती फिटेपर्यंत तोडावयाची. कोयता म्हणजे ऊसतोडींत नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीस, हिशेबही जोडीचा.

"मग सुनेचे किती?" आमच्या नातीनें विचारलें.

मुलीनें आजीस विचारून उत्तर आणलें, "आजी म्हणते, कोयत्याचे दोन तुकडे करून कोणी पैसे देतें का?"

सूनबाई पहाटेपासून मोळ्या बांधते व डोक्यावर वाहते, आणि तक्त्यांत तिच्यापुढें शून्य पडणार! अर्धी रक्कम लिहावी तर ती आपल्या मनाची. आमच्या नातीनें दोन्ही चौकोनांवरून एकच आडवी रेघ ओढली आणि त्यावर 'कोयता' असें लिहिलें. आम्हांस ती रेघ फार आवडली.

उठतांना वृद्धेनें उलट विचारलें, "तुझ्या घरीं माणसें किती?" आमची नात बोटें मोजूं लागली, पुण्याच्या चुलतभावाशीं अडली, माडीवरच्या काकूंशीं पुन्हां अडली. वृद्धा तोंडास पदर लावून हंसली.

परतल्यावर आम्ही तिच्या अध्यापकांस भेटलों. मनुष्य कष्टाळू, साठ मुलांचे अहवाल एकट्यानें तपासणारा. त्यांचें म्हणणें सरळ होतें. ओळी रिकाम्या राहिल्या तर अहवाल अपुरा ठरतो, आणि अपुऱ्यास पुरे गुण देतां येत नाहींत. शेजारचें घर घेण्याची मुभा म्हणूनच ठेविली आहे. आमची नात म्हणाली, "सर, बंद घरें हीच तर तांड्याची माहिती आहे." अध्यापक कांहीं वेळ गप्प राहिले. मग, न मिळालेल्या घरांवर एक स्वतंत्र पान जोडावें, गुण नियमाप्रमाणेंच पडतील, असें त्यांनीं सांगितलें. गटांतील दोघांनीं आपलें नांव दुसऱ्या गटांत घातलें. त्यांस आम्ही दोष देत नाहीं. त्यांनाही ७५ टक्के हवेच होते. नातीच्या अहवालास गुण कमी पडले, आणि घरीं त्यावरून आमच्याकडे बोट दाखविणारीं माणसें निघालीं.

मे महिन्यांत, परीक्षा संपल्यावर, ती उरलेल्या दोघी मैत्रिणींसह पुन्हां मानोऱ्यास गेली. आतां गुणांचा प्रश्न नव्हता. ऊन असें कीं एस. टी. च्या गजास हात लावतां येईना. तांड्यांत मात्र गजबज होती. कडींतली तार निघाली होती, आणि कुत्रें आंत ओसरीवर होतें. जानेवारींत नाईकांनीं जमिनीचे म्हणून सांगितलेल्या घरांपैकीं कांहींत खरोखरच जमीन निघाली, कांहींत नांवापुरती, कांहींत मुळींच नाहीं. वृद्धेची सून भेटली. तिनें 'कोयता' लिहिलेली ती रेघ बोट ठेवून पाहिली, आणि उचल अजून फिटली नसल्याचें सांगितलें. दोन घरांस त्याही दिवशीं कुलूप होतें. शेजारीण म्हणाली, ते कारखान्यावरून परस्पर बांधकामावर गेले, केव्हां येतील ठाऊक नाहीं. आमच्या नातीनें त्या दोन ओळींपुढें तारीख घालून 'बंद' असें लिहिलें, आणि आम्ही शेवटची एस. टी. गांठण्यास निघालों.