चावी आमच्याकडेच होती

आमच्या घरी व्हॅन आली ती अब्बांच्या डायलिसिससाठी. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शनिवारी, उदगीरहून लातूरला जायचं आणि संध्याकाळी परत यायचं. एका बाजूनं सत्तर किलोमीटरच्या आतबाहेर. भाड्याची गाडी चार महिन्यांत परवडेनाशी झाली, तेव्हा जुनी इको घेतली. आधीचा मालक हौशी असावा. त्यानं चारही चाकांना अलॉय व्हील बसवली होती आणि ती चोरीला जाऊ नयेत म्हणून प्रत्येक चाकाला एकेक लॉक नट.

'आम्ही' म्हणजे आम्ही दोघी जावा. घरची दोन्ही माणसं पुण्याला कंपनीत आहेत. धाकटी गाडी चालवते, थोरली मागे अब्बांजवळ बसते, आणि मोहल्ल्यात यावर जे बोलायचं ते बोलून झालं आहे.

लॉक नट ही काय चीज आहे, हे आम्हाला गाडी घेईपर्यंत ठाऊक नव्हतं. साध्या नटाला सहा बाजू असतात, कुठलाही पाना लागतो. लॉक नटाचं डोकं गोल. त्याच्या तोंडावर नागमोडी खाच कोरलेली असते आणि त्या खाचेत नेमका बसणारा एक छोटा तुकडा वेगळा मिळतो. तीच त्याची चावी. चावी नटावर बसवायची, चावीवर पाना लावायचा. चावीवर एक बारीक नंबर असतो. तो लिहून ठेवला तर हरवलेली चावी पुन्हा मागवता येते. आम्ही तो लिहून ठेवला नव्हता. चावी डॅशबोर्डच्या खणात, मुलाच्या जुन्या मोज्यात गुंडाळून ठेवलेली होती, एवढंच आम्हाला पुरेसं वाटत होतं.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी, एका मंगळवारी, सकाळी पावणेसातच्या सुमारास नळेगावच्या अलीकडे मागचं डावं चाक बसलं. दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडत आलेलं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. हॉस्पिटलात साडेआठला मशीन अब्बांच्या नावावर. त्याआधीच्या महिन्यात एक पाळी चुकली होती आणि ती रात्र आम्ही विसरलो नव्हतो. अंगात पाणी साठलं की आडवं झोपता येत नाही, दम लागतो. अब्बा रात्रभर उशीला टेकून बसले होते आणि आम्ही दोघी त्यांच्या पायांची सूज बघत होतो.

पंक्चर आम्हाला नवीन नव्हतं. जॅक लावण्याआधी, चाक जमिनीवर असतानाच नट सैल करायचे, हे अब्बांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. अब्बा एसटीतले निवृत्त ड्रायव्हर, चाकाच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. बाकीचे नट सुटले. मग मोज्यातून चावी काढली, लॉक नटावर बसवली, पाना लावला आणि जोर दिला. कट्ट! पाना हातातून सुटला. चावी उजेडात धरली तर तिच्या कडा झिजलेल्या, एक दात तुटलेला. नटातली खाचही चेपलेली.

मागच्या सीटवरून अब्बा म्हणाले, "छोटी दुल्हन, उलटा तो नै घुमा रे?" काही जुन्या ट्रकांच्या डाव्या चाकांना उलटे आटे असत, ते त्यांच्या डोक्यात. नाही म्हणालो. चावी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती बोटांनी चाचपली आणि विचारलं, "ये गन किसने मारा इसपे?"

तेव्हा आठवलं. ईदच्या आधी एका टायरवाल्याकडे चाकं पुढची मागे, मागची पुढे करून घेतली होती. तिथल्या पोरानं हवेची गन धरून चारही चाकांचे नट एका मिनिटात आवळले होते आणि आम्हाला त्याच्या झटपट कामाचं कौतुक वाटलं होतं. काम झाल्यावर त्यानं चावी कागदात गुंडाळून दिली. आम्ही कागद उघडला नाही, तशीच मोज्यात टाकली. त्याला तुटल्याचं कळलं नसेल असं म्हणवत नाही. पण डोळे तर आम्हालाही होते. गनचे धक्के या नाजूक खाचेला सोसत नाहीत. शिवाय नट इतका आवळला जातो की पावसाळ्याचा चिखल-गंज बसल्यावर तो हातानं सुटण्याचं नाव घेत नाही.

पुण्याला फोन केला. तिकडून व्हिडिओवर सूचना सुरू झाल्या: दगडानं ठोका, पान्यावर उभ्या राहा. त्या ऐकत बसलो असतो तर तुटलेल्या चावीचा उरलेला दातही गेला असता. अब्बांनीच हात वर करून सांगितलं, फोन बंद करा.

पावणेआठला उदगीर-लातूर एसटी दिसली. कंडक्टरनं अब्बांकडे पाहिलं आणि पुढची जागा मोकळी करून दिली. अब्बा पंचाहत्तरच्या पुढचे, म्हणजे 2022 पासून त्यांचा प्रवास मोफत, आणि 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट. व्हॅनच्या पेट्रोलचा हिशेब करणाऱ्या घरात अशा वेळीही हे आठवतं. थोरली अब्बांबरोबर गेली, धाकटी गाडीपाशी थांबली. इथून पुढे आमची हकिगत दोन ठिकाणी झाली.

लातूरला पोचेपर्यंत नऊ वाजले. मशीन पुढच्या पेशंटला दिलेलं. चूक त्यांची नव्हती, तोही पेशंटच होता. साडेबाराला दुसरं मशीन मोकळं होईल म्हणाले. साडेतीन तास अब्बा बाकावर बसून होते. पाणी प्यायची बंदी, त्यामुळे ओठ ओले करायला फक्त रुमाल.

इकडे एका दूधवाल्यानं नळेगावात निरोप दिला आणि एक वयस्क पंक्चरवाले मिस्त्री मोटारसायकलवर हत्यारांची पिशवी बांधून आले. धाकटीला वाटलं, आता घण पडणार. त्यांनी पहिली गोष्ट केली ती उलटीच. जे नट आम्ही सैल केले होते ते सगळे पुन्हा आवळले. "ताई, बाकीचे सैल केले की चाकाचा सगळा ताण ह्या एकट्यावर येतो. मग तो कसा सुटंल?" मग तारेच्या ब्रशनं चिखल काढला, नटाच्या मुळाशी गंज सोडवायचं तेल मारलं आणि बिडी ओढत पंधरा मिनिटं गप्प बसले. त्यांच्या त्या गप्प बसण्यानं जीव टांगणीला लागला होता.

पिशवीतून त्यांनी बारा कोनांची एक गोटी काढली. नटाच्या गोल डोक्यापेक्षा किंचित लहान. ती हातोडीनं ठोकून ठोकून डोक्यावर चढवली, म्हणजे गोटीचे कोन नटात रुतले. लांब दांडा लावून आधी एक झटका आवळायच्या दिशेनं, मग सोडायच्या. पहिल्यांदा गोटी घसरली. त्यांनी आणखी एक नंबर लहान गोटी घेतली, पुन्हा ठोकली. यावेळी दाराची जुनी कडी करकरावी तसा आवाज आला आणि नट पाव इंच फिरला. धाकटीच्या तोंडून 'या अल्लाह' निघालं. मिस्त्री म्हणाले, "निघाला." गोटी नटात अडकून बसली, ती गेलीच. तिचे आणि मजुरीचे मिळून त्यांनी चारशे घेतले. त्यांनी आठशे मागितले असते तरी दिले असते.

स्टेपनी लावून धाकटी साडेअकराला हॉस्पिटलात पोचली. अब्बांनी तिचे कोपरापर्यंत काळे हात बघितले, बाजूला सरकून बाकावर जागा केली आणि थोरलीला म्हणाले, "इसको पहले चाय पिलाओ." त्या दिवशी घरी यायला रात्र झाली, पण त्या रात्री अब्बा आडवे झोपले.

उरलेले तीन लॉक नट दुसऱ्या दिवशी उदगीरातच काढून घेतले. दोन गोटीनं निघाले. तिसऱ्याचं डोकं इतकं चेपलं की त्यावर जुना नट वेल्डिंग करून तो फिरवावा लागला. त्यासाठी मिस्त्रींनी बॅटरीची वायर काढली, टायरमधली सगळी हवा सोडली आणि टायरवर ओलं पोतं टाकलं. हवा भरलेल्या टायरजवळ एवढी उष्णता म्हणजे टायर फुटायचा धोका. अलॉयचा रंग तिथं करपला आहे. आता चारही चाकांना साधे नट आहेत. पुण्याहून विचारणा झाली की चाकं चोरीला गेली तर? अब्बांनी फोनवर सांगितलं, "चोर को चावी लगती कब थी? चावी तो अपने को लगती थी."

नट आवळण्याचं काम आता आमच्या समोर होतं. समोरासमोरचे नट आळीपाळीनं, आधी हातानं, मग टॉर्क पान्यानं. ठरलेला जोर झाला की हा पाना 'टक्' असा आवाज करतो. जोराचा आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. लहान गाड्यांसाठी तो साधारण शंभर न्यूटन-मीटरच्या आसपास, म्हणजे एक मीटर लांब पान्याच्या टोकाला दहा किलोची पिशवी टांगावी तेवढा. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावायचं नाही, नाहीतर तेवढ्याच जोरात नट जास्त आवळला जातो. यावर अब्बांचं आणि मिस्त्रींचं थोडं वाजलं, कारण अब्बांच्या काळात ग्रीस लावत असत. चाक काढून बसवलं की पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासायचं. ते आम्ही नळेगावच्या चहाच्या टपरीवर करतो. धाकटी पाना धरते, अब्बा खिडकीतून कान देऊन 'टक्' मोजतात. एखादा कमी ऐकू आला की काच खाली होते. "बड़ी दुल्हन, उसको बोलो, एक रह गया."