गाळायचे भाग

प्रिय निशांत,

'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' बघायला घेतो आहेस आणि तिच्या 178 भागांपैकी कुठले गाळले तरी चालतील याची यादी हवी आहे, असं तू लिहिलंस. अशा याद्या भरपूर आहेत. त्या करणारे लोक मालिकेवर जीव टाकणारेच असतात. पहिल्या दोन सीझनमधले पुष्कळ भाग ते बिनदिक्कत कापतात आणि खरं सांगायचं तर त्यातले बरेच कापण्याच्याच लायकीचे आहेत. तरी मी यादी देणार नाही. तुझ्या मागणीमागे अशी समजूत आहे की मालिका म्हणजे एक लांबलचक कथानक, आणि जो भाग ते पुढे ढकलत नाही तो फिलर, नुसती भरती. तू एकटाच असं मानत नाहीस. विज्ञानकथांच्या आणि सुपरहिरोंच्या मालिका काढणारी मंडळीही आता असंच मानतात. पैसा वाढला, तंत्र सुधारलं, सिनेमातले नट छोट्या पडद्यावर आले, आणि तरीही यातल्या बहुतेक मालिका महिन्याभरात मनातून पुसल्या जातात, याचं मला पटणारं कारण हेच आहे: त्यांनी आपल्यातला साधा, सुटा, एका तासात संपणारा भाग काढून टाकला.

दुसऱ्या सीझनचा नववा भाग घे, फेब्रुवारी 1989चा 'द मेझर ऑफ अ मॅन'. यात लढाई नाही, नवा ग्रह नाही. डेटा हा यंत्रमानव अधिकारी स्टारफ्लीट या अवकाशदलाची मालमत्ता आहे, की स्वतःच्या शरीराचं काय करायचं हे ठरवायचा त्याला हक्क आहे, एवढ्या एका प्रश्नावर एका खोलीत सुनावणी होते. मॅडॉक्स नावाच्या शास्त्रज्ञाला त्याला उघडून, सुटा करून आतली रचना समजून घ्यायची आहे. तळ नवा, माणसं अपुरी, म्हणून सरकारी बाजू मांडायची पाळी डेटाचा मित्र रायकर याच्यावर येते. त्याने नकार दिला तर निकाल थेट डेटाच्या विरुद्ध जाणार. मग रायकर ती अशी मांडतो की बघवत नाही. भर सुनावणीत डेटाचा हात काढून दाखवतो आणि शेवटी कळ दाबून त्याला बंद करतो. बचाव जहाजाचा कप्तान पिकार्ड याच्याकडे आहे. आता तो पुरावा काय देतो ते बघ. डेटाने जाण्यासाठी बांधलेल्या सामानातल्या वस्तू तो एकेक करून पुढे ठेवतो: पदकं, पिकार्डनेच भेट दिलेलं पुस्तक, आणि ताशा यार या मृत सहकारी स्त्रीची छोटीशी प्रतिमा. हिचीच प्रतिमा का, असं विचारल्यावर डेटा बोलायला तयार होत नाही, कारण त्याने तिला शब्द दिलेला असतो. यंत्राने दिलेला शब्द. खटला खरं तर तिथेच जिंकला जातो. पुढचा गुलामगिरीबद्दलचा युक्तिवाद कितीही दमदार असला तरी मला तो त्या अडखळण्याच्या मागेच उभा दिसतो.

हा शब्द दिला गेला कुठे? पहिल्या सीझनमधल्या 'द नेकेड नाउ' या भागात. आणि तो भाग वाईट आहे. 1966च्या मूळ मालिकेतल्या कल्पनेची उसनवारी, संसर्गाने झिंगलेले सगळे अधिकारी, पोरकट चाळे. गाळायच्या याद्यांत तो हमखास असतो. त्याच सीझनमध्ये ताशाला डांबरासारखा दिसणारा एक जीव क्षणात मारून टाकतो, तेही इतक्या ओबडधोबडपणे की लेखकांना घाई होती की काय असं वाटावं. दुसऱ्या सीझनच्या चौथ्या भागात डेटा विनोद करायला शिकू बघतो, तोही रटाळ. पण खटल्याच्या दिवशी डेटाच्या बाजूने साक्षीला उभे राहतात ते हे टाकाऊ तासच. ते लिहिले गेले तेव्हा पुढे असा खटला व्हायचा आहे हे कुणाच्या ध्यानीमनी असण्याचं कारण नव्हतं, कारण खटल्याची संहिता मेलिंडा स्नॉडग्रास या बाहेरच्या लेखिकेने, जी शिक्षणाने वकील होती, नंतर आपणहून लिहून पाठवली. न बघितलेल्यालाही संवादांवरून मागची हकीकत कळते, असं तू म्हणशील. कळते, नक्कीच. पण तीसहून अधिक तास या पात्राला निरर्थक गोष्टी करताना पाहिलेल्या माणसाला रायकरने कळ दाबल्यावर जे होतं, ते हकीकत कळलेल्याला होत नाही. पूर्वतयारी म्हणून लिहिलेल्या प्रसंगाचा वास प्रेक्षकाला येतोच. इथे तो येत नाही, कारण पूर्वतयारी नव्हतीच; नुसतं जगणं होतं.

एका चांगल्या भागासाठी दहा वाईट सोसायचे हा कुठला व्यवहार, हा आक्षेप मी गंभीरपणे घेते. याच दुसऱ्या सीझनचा शेवट 'शेड्स ऑफ ग्रे' या भागाने झाला. त्यात रायकर बिछान्यावर बेशुद्ध पडलेला असतो आणि आपल्याला जुन्या भागांतले तुकडे दाखवले जातात. त्याची भलामण कुणीच करत नाही. 1988च्या लेखकांच्या संपाने तो सीझन बावीस भागांवर आला होता आणि पैसे संपत आले होते. म्हणजे या मालिकेतला सर्वांत थोर तास आणि सर्वांत लाजिरवाणा तास एकाच वर्षीचे, एकाच कारखान्यातले. त्यातून मी असं समजते की कुठला भाग कसा उतरेल हे आधी कुणालाच कळत नाही, आणि आठच भाग काढायचे ठरले तर धोक्याचा भाग आधी जातो. कोर्टरूममध्ये बसून बोलणारी माणसं हा कागदावर धोकाच दिसणार. दुसरं असं की दर वर्षी सव्वीस गोष्टी लागतात म्हटल्यावर त्या आणायच्या कुठून? या मालिकेने बाहेरच्या, अनोळखी लोकांच्या संहिता वाचायला सुरुवात केली. रोनाल्ड डी. मूर हा तरुण त्या दारातून 1989मध्ये आत आला, 'द बाँडिंग' ही गोष्ट घेऊन: मोहिमेवर मेलेल्या एका बिनचेहऱ्याच्या कर्मचारी बाईच्या लहान मुलाचं पुढे काय होतं. पुढे याच माणसाने 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' नव्याने उभी केली. आपल्याकडे जयंत नारळीकरांनी आपली पहिली विज्ञानकथा, 'कृष्णविवर', मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती, ते आठवतं ना? नाव न बघता गोष्ट वाचणारी एक खिडकी कुठेतरी उघडी असावी लागते. सहा भागांचा सीझन आधी पूर्ण लिहून, मंजूर करून मगच उभा राहतो. त्यात टपालाने आलेल्या पाकिटाला जागा नाही. 2023मध्ये अमेरिकेतले लेखक 148 दिवस संपावर होते, त्यात एका मालिकेवर किमान किती लेखक आणि किती आठवडे हाही तंट्याचा मुद्दा होता, तो याच दुखण्यातून.

सुपरहिरोंचं तर याहून बिकट. या पात्रांचं मूळ 1930च्या दशकातल्या स्वस्त कॉमिक्समध्ये आहे, जिथे चार पानांत कुणीतरी अडचणीत येई आणि सुटे. अडल्यानडल्याला धावून जाणं हे त्यांचं रोजचं काम. सिनेमाला शहर नाहीतर अख्खं विश्व बुडायला हवं असतं, तेवढा खर्च वसूल करायचा तर ते ओघानेच आलं. पण मालिकेला एखादा साधा मंगळवार दाखवता आला असता. 'मिस मार्व्हल' बघ. 2022मध्ये आलेल्या सहा भागांत जर्सी सिटीतलं पाकिस्तानी घर, मशिदीच्या समितीची निवडणूक, भावाचं लग्न हे सगळं इतकं रसरशीत आहे की या घरात वर्षभर राहावं असं वाटतं. पण वेळ कुठे आहे? लगेच कराची, फाळणीची आगगाडी, दुसऱ्या मितीतले शत्रू आणि खेळ खलास. नायिका कमलाने दुसऱ्या भागात मशिदीवरून लोंबकळणाऱ्या पोराला वाचवलं, तेवढीच काय ती शेजारपाजारची सेवा. गल्लीची रक्षणकर्ती म्हणून तिचं कौतुक करायचं, पण गल्लीत तिने केलेलं काम आपण पाहिलेलंच नसतं.

याच मुद्द्याचा सर्वांत बोलका पुरावा 'डेअरडेव्हिल: बॉर्न अगेन'ने नकळत दिला. ही मालिका 2022मध्ये जाहीर झाली तेव्हा अठरा भागांची होणार होती, वकील नायकाच्या खटल्यांभोवती फिरणारी. 2023मध्ये अर्धवट चित्रीकरण झालेलं थांबवून ती नव्याने बांधली गेली आणि 2025मध्ये पहिल्या सीझनचे नऊच भाग आले. नवी बांधणी पुष्कळ अंशी बरोबर होती, मी ती नाकारत नाही. पण जुन्या आराखड्यातला 'विथ इंटरेस्ट' हा पाचवा भाग तसाच राहिला. अंध वकील मॅट मर्डॉक कर्ज मागायला बँकेत जातो, बँकेवर दरोडा पडतो आणि तो वकिलाचा सूट अंगावर असतानाच, डेअरडेव्हिलचा वेश न चढवता, दरोडेखोरांशी निपटतो. बँकेतला अधिकारी म्हणजे कमला खानचे वडील युसुफ, अर्थात मोहन कपूर, टीव्हीवरच्या 'साँप सीढी'मुळे आपल्याकडच्या एका पिढीला घरचेच वाटणारे. कथानक इंचभर पुढे सरकत नाही, अशी कुरकूर या भागाबद्दल झाली. मला मात्र हा माणूस कशासाठी जगतो ते त्या पाऊण तासातच दिसलं. त्याआधीच्या भागांत बहुतेक वेळ तो आपण पुन्हा मुखवटा घालावा का, यावर झुरत असतो.

तुझं सर्वांत भक्कम उदाहरण 'अँडॉर' असणार आणि ते मला जड जातं हे मान्य. दोन सीझन, चोवीस भाग, भरमसाट खर्च, फिलर नावालाही नाही, आणि या प्रकारातल्या गेल्या काही वर्षांच्या कामात मी ती पहिल्या क्रमांकावर ठेवीन. पण तिची वीण बारकाईने पाहा. टोनी गिलरॉयने ती साधारण तीन-तीन भागांच्या गठ्ठ्यांत रचली आहे. पहिल्या सीझनमधला तुरुंग मागचंपुढचं विसरून बघितला तरी सुरुवात, मध्य, शेवट असलेली गोष्ट आहे. तिच्यातही कैद्यांनी यंत्रांचे सुटे भाग जोडत राहण्याला, पाळीवर येण्याजाण्याला वेळ दिला आहे, म्हणून पुढचा उठाव अंगावर येतो. 'द लास्ट ऑफ अस'चा तिसरा भाग, 'लाँग, लाँग टाइम', हा तर सरळ सुटाच भाग. मुख्य पात्रांना बाजूला ठेवून दोन पुरुषांचा संसार सोळा वर्षांत कसा पिकत गेला ते सांगणारा. मूळ गेममध्ये या दोघांची गोष्ट कडवट आहे. इथे ती बदलली. त्यालाही काहींनी फिलर म्हटलं, आणि निक ऑफरमनला त्याच तासासाठी एमी मिळालं. म्हणजे छोट्या मालिकांतलं जे टिकेल असं वाटतं, ते जुन्याच पद्धतीने घडलेलं आहे.

उलट, नुसती लांबी कामाची नाही हेही कबूल करायला हवं. 'द फ्लॅश' नऊ सीझन, 184 भाग चालली. पहिलं वर्ष झकास होतं. मग वर्षाला एक खलनायक घेऊन त्यालाच वीसबावीस आठवडे ताणत राहिली. हे सुट्या भागांचं अपयश म्हणता येत नाही. एकच कथानक पाण्यात कालवून वाढलं की असं होतं, आणि आजच्या सहा भागांच्या मालिकाही तोच रोग लहान भांड्यात वाढतात: दोन तासांचा सिनेमा सहा तासांचा केलेला. तेव्हा प्रेक्षकाचा वेळ वाचतो हा दावा मला पटत नाही. 'स्ट्रेंजर थिंग्ज'च्या चौथ्या आणि पाचव्या सीझनमध्ये, 'सेव्हरन्स'च्या पहिल्या आणि दुसऱ्या सीझनमध्ये तीन-तीन वर्षांचं अंतर पडलं. मधल्या काळात काय विसरलो ते आठवायला पुन्हा सगळं बघावं लागतं, त्याचा हिशेब कोण धरणार?

एका आक्षेपाला मात्र माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. वर्षाला सव्वीस भाग काढणाऱ्या त्या कारखान्यांत माणसं पिळून निघत. दिवस संपता संपत नसे, नटांना दुसरं काम घेता येत नसे. आपल्या करमणुकीसाठी ते परत आणा, असं म्हणायची माझी हिंमत नाही. 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स' दहा भागांत सुट्या गोष्टी सांगते. 2023च्या तिच्या दुसऱ्या सीझनमधला खटला मन लावून लिहिलेला आहे. पण दहातला एक संगीतिका, एक कार्टूनमधल्या पात्रांच्या भेटीचा, असं झालं की नेहमीच्या दिवसाला जागा उरत नाही, आणि नेहमीचा दिवसच दिसला नाही तर वेगळ्या दिवसाची गंमत वाटणार कशी? बारा-पंधरा भाग, दर वर्षी, मोजके सेट, एवढं तरी जमावं. ते अशक्य आहे असं निर्माते सांगत असताना 'द पिट'ने 2025मध्ये एका इस्पितळाच्या एका विभागात पंधरा भाग काढले, सर्वोत्तम नाट्यमालिकेचं एमी घेतलं आणि 2026च्या जानेवारीत पुढचा सीझन वेळेवर हजर केला. तिला अवकाश उभं करायचा खर्च नव्हता हे खरं. पण स्नॉडग्रासच्या त्या खटल्यालाही तो फारसा नव्हता.

नववा भाग झाला की मॅडॉक्सबद्दल काय वाटलं ते कळव. मला तो सर्वस्वी चुकीचा वाटत नाही.

तुझी,
आत्या